पाचची आणि सव्वासहाची

बांगडी भेंडीत पडली. कौशल्यानं ती काढली नव्हती, फुटली नव्हती, कशात अडकलीही नव्हती. कारेलीबागेतल्या सोसायटीच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या भाजीच्या लारीवर ती नेहमीप्रमाणे भेंडीचं शेपूट मोडून बघत होती, आणि जी सोन्याची बांगडी लग्नापासून साबण लावला तरी मनगट सोडत नव्हती, ती आपण होऊन, बस चुकेल अशा घाईनं हातावरून घसरली आणि ढिगात शिरली. लारीवाली जशीबेन तराजू धरून क्षणभर बघत राहिली. “मासी, भींडा चाळीसना कीलो छे,” ती म्हणाली. “बंगडी भेगी तोलुं?” बांगडी बरोबरच तोलू का? कौशल्या हसली. जेवढं हसायला हवं होतं त्याच्या तिप्पट हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्या पाण्याचा हसण्याशी काही संबंध नसल्यासारखं ते येतच राहिलं. जशीबेननं भेंडी उपसून बांगडी काढून दिली, वर एक लिंबू फुकट दिलं. लिंबू फुकट मिळायला लागलं म्हणजे आपला चेहरा बघण्यासारखा झाला असणार, असा हिशेब कौशल्यानं केला, आणि बांगडी पर्समध्ये टाकताना बोटांना तो कागद लागला.

कागद तिनं दोनदा वाचला होता. एकदा लॅबच्या पायरीवर, एकदा ॲक्टिवाच्या सीटवर ठेवून. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला एका ओळीचा कागद तिसऱ्यांदा वाचावा लागू नये. पण आकडाच असा होता. टी.एस.एच., आणि त्याच्यापुढे शून्य पूर्णांक शून्य एकपेक्षा कमी. पेक्षा कमी! म्हणजे यंत्रालाही नेमका सापडला नव्हता. खालच्या ओळीत टी-फोर, त्याच्यापुढे जाड ठशात ‘हाय’. नॉर्मलची हद्द शेजारी छापलेली होती, म्हणजे आपण कुठून कुठं घसरलो ते जुन्या कागदांचं गाठोडं सोडून बघायलाच नको. अकरा वर्षांपूर्वी हाच आकडा सेहेचाळीस होता. तेव्हा डॉक्टर मयंकभाई नवे होते, दवाखान्याच्या भिंतींना रंगाचा वास होता, आणि त्यांनी तिला समजेल अशा भाषेत समजावलं होतं: डोक्यात एक वरचा मजला, गळ्यात एक खालचा मजला, थायरॉइडचा. खालच्यानं काम केलं नाही की वरचा ओरडतो. तो ओरडा म्हणजे टी.एस.एच. “तमारे उपरवाळो बहु बूम पाडे छे, बेन,” म्हणजे तुमचा वरचा फार बोंबलतोय. तिला ते फार पटलं होतं. घरात कुणीतरी बोंबलणं आणि कुणीतरी न ऐकणं, ह्यात समजायला अवघड असं काय होतं? आता शून्य पूर्णांक शून्य एक. म्हणजे वरचा खालच्याशी बोलायचाच बंद झाला होता. ती भेंडीची पिशवी घेऊन जिना चढली, दोन मजले, एका दमात, आणि दारात उभी राहून छातीतली धडधड मोजायला लागली. मोजताना मधूनच एक आकडा गळायचा. बेरजेत हातचा विसरावा तसा.

तेव्हाची ती आणि आताची ती, दोघींना एका वर्गात बसवलं तर त्यांची ओळखही पटली नसती. अकरा वर्षांपूर्वी ती इतकी सावकाश झाली होती की मुलं तिला मालगाडी म्हणत. मे महिन्यात, अख्खं बडोदं घामानं निथळत असताना, ती स्टाफरूममध्ये शाल पांघरून बसे. आवाज घोगरा झाला होता, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या होत्या, खडू फळ्यापर्यंत न्यायचा तर खांद्याला आधी विनंती करावी लागे. आणि विसरणं! वर्गातली मुलं घरी गेली तरी ती हजेरी घेत बसलेली. गोळी सुरू झाली तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की जी बाई चष्मा घालून चष्मा शोधते तिला रोज पहाटे उपाशीपोटी गोळी घ्यायची आठवण कोण करणार. तेव्हा अनुज तेवीस वर्षांचा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात नुकता लागलेला, सकाळची पाळी. तो म्हणाला, आई, मी देतो. आणि त्यानं दिली. सव्वासहाला डाव्या हातात पेला, उजव्या तळव्यावर गोळी; ती गिळेपर्यंत समोर उभा. “तोंड उघड,” असंही म्हणायचा, पहिली दोन वर्षं. लहानपणी जंताचं औषध देताना ती त्याला म्हणायची तसं. मांजराच्या पावलानं का होईना, ती परत आली. हात गरम झाले, खडू हलका झाला, मालगाडीची लोकल झाली. गोळी संपायच्या आत पुढची बाटली येत होती. मृदुला सून म्हणून घरात आली तेव्हा तिनं एकदा सहज विचारलं, “मी देऊ का आईंना?” तर अनुजनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं त्याचं रेशनकार्ड मागितलं. ह्या घरात कामं अशीच वाटलेली होती. कुणी मागत नसे आणि कुणी सोडत नसे.

मग दसरा आला. प्रतापसिंहराव, म्हणजे कौशल्याचे हे, वीजमंडळातून रिटायर झाल्यापासून घरच्यांनी आपल्याला आबा म्हणावं असं त्यांनी जाहीर केलं होतं आणि दसऱ्याला शस्त्रपूजा मोठी करायला सुरुवात केली होती. शस्त्रं म्हणजे एक तलवार, जिची मूठ नंतर बसवलेली होती, आणि एक फोटो. फोटोत त्यांचे पणजोबा, संस्थानच्या फौजेतले, डोक्याला फेटा, छातीवर पदक, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे शत्रूवर. खालचा भाग चौकटीच्या पुठ्ठ्यानं झाकलेला. आबा पाहुण्यांना सांगत की खाली म्यानावर हात आहे. त्या वर्षी काच तडकली म्हणून अनुजनं फोटो नव्या चौकटीत बसवायला दिला, पुठ्ठा निघाला, आणि पणजोबांच्या हातात क्लॅरोनेट निघालं. काळं, लांब, चांदीच्या बटणांचं. पेटीत सापडलेल्या पेन्शनच्या कागदावरही बँडच लिहिलेलं होतं. अनुजला गंमत वाटली. गंमत वाटणं हा त्याचा दोष लहानपणापासूनचा. सोसायटीतले वीसेक जण सोनं द्यायला आले होते, आबा तलवारीला हळद लावत होते, आणि अनुज म्हणाला, “ह्या वर्षी पूजेला शिट्टीपण ठेवूया, आबा. खरं शस्त्र तेच.” सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी हळदीचं बोट धुतलं, फोटो उचलून आत नेला, आणि त्या क्षणापासून आजपर्यंत मुलाशी एक शब्द बोलले नाहीत. आठ महिने. मुलानं आधी माफी मागितली, नंतर वैतागला, नंतर त्यालाही सवय झाली. आता दोघं एकाच टेबलावर बसत आणि मीठ तिच्याकडून मागवत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आबा तिच्या उशाशी उभे होते. हातात पेला, तळव्यावर गोळी. “घे,” ते म्हणाले. “ज्याला बापाची किंमत नाही त्याच्यावर तुझं औषध सोपवून मी झोपून राहणार नाही.” रात्रीतच जाऊन त्यांनी केमिस्टकडून स्वतंत्र बाटली आणली होती. तीच कंपनी, तीच शंभरची. त्यांनी अकरा वर्षांत तिला पाण्याचा पेला दिलेला तिला आठवत नव्हता. तिनं घेतली. ते फिरायला कमाटीबागेत गेले, आणि सव्वासहाला अनुज आला. “अरे, घेतली मी,” ती म्हणाली. त्याचा पेला हातातच राहिला. “आबांनी दिली?” तिनं उशी सरळ केली. “त्यांना डोस तरी माहीत आहे का? म्हणजे हेही माझ्याकडून काढून घेतलं.” चौतीस वर्षांचा मुलगा, कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली, खालचा ओठ तोच, पहिलीत पाटी फुटली तेव्हाचा. दिवसभर कौशल्याला तो ओठ दिसत राहिला. पोळी लाटताना दिसला, दूध उतू गेलं तेव्हा दिसला. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिनं पाचची गोळी घेतली, आणि सव्वासहाला, “आज त्यांनी नाही दिली रे,” असं म्हणून सव्वासहाची घेतली. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. दोन पुरुष किती दिवस न बोलता राहतील? हे तिचं आयुष्यातलं सगळ्यात चुकलेलं गणित. जिभेखाली ठेवून थुंकायचाही तिनं प्रयत्न केला. पण दोघंही गिळेपर्यंत हलत नसत. ह्या बाबतीत बाप आणि मुलगा तंतोतंत एकमेकांसारखे, आणि हे दोघांपैकी कुणालाही सांगायची सोय नव्हती.

आणि खरं सांगायचं तर, पण खरं ती कुणाला सांगणार होती, तिला मजा यायला लागली. सहा आठवड्यांत अंगातून काहीतरी धावायला लागलं. ज्या कपाटाला ती दहा वर्षं उद्या आवरते म्हणत होती ते एका दुपारी आवरून झालं, मग शेजारचं, मग मृदुलाचं, मृदुलानं नको म्हटलेलं असताना. तिनं दोनशे पापड लाटले आणि मग खायला कुणी नाही म्हणून सोसायटीत वाटले. उत्तरायणाला सगळे स्वेटर घालून गच्चीवर उंधियूची वाट बघत होते आणि ही पंखा का नाही म्हणून विचारत होती. पतंग घेतला, कठड्याला टेकून ढील दिली आणि समोरच्या बिल्डिंगचे लागोपाठ सहा कापले. “काप्यो छे!” अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची म्हातारी घाबरून बाहेर आली. आठ किलो उतरली. बायका जिन्यात अडवून डाएट विचारत. तिनं एकीला गरम पाणी आणि मेथी सांगितली, आणि ती बिचारी अजून पीत होती. वार्षिक तपासणी जानेवारीत असते, तिनं ती मार्चवर ढकलली, मार्चची मेवर. आठवीच्या मुलानं उत्तरपत्रिका घरी दाखवू नये तशी. कारण मजा होती खरी, पण बसता येत नव्हतं. बसलं की पाय आपला आपण हलायचा. पेपर घेतला की ओळीतून ओळ निसटायची. दिवसातून चार वेळा पोट बिघडायचं, केस विंचरताना फणीत एवढे यायचे की ती फणी घाईनं झटकायची, आणि कुणी साधं “झालं का?” विचारलं तरी तिला भांडावंसं, रडावंसं आणि जिन्यातून पळावंसं एकदम वाटायचं. कालच्या सोमवारी मृदुलाला चहा देताना बशीत कपाचा असा ताशा वाजला की मृदुलानं कप काढून घेतला, तिचा हात धरला, आणि आपल्या शिकवणीची मुलं बाहेर बसवून तिला थेट लॅबमध्ये नेलं. मृदुला सातपर्यंत झोपते. तिला पाचचंही माहीत नव्हतं आणि सव्वासहाचंही नीट नव्हतं. तिनं फक्त हात पाहिला.

संध्याकाळी पाचची वेळ मिळाली. दोघंही आले. आबा तिला ॲक्टिवावर मागं बसवून आले, अनुज कंपनीच्या बसमधून परस्पर उतरून. दवाखान्यातल्या बाकावर ती मध्ये, हे उजवीकडं, तो डावीकडं. आबा तिच्याकडं बघून म्हणाले, “विचार ह्याला, जुनी फाइल आणली का?” अनुज तिच्याकडं बघून म्हणाला, “आई, फाइल माझ्याकडंच असते म्हणून सांग.” “असते म्हणे. मोठं काम करतो म्हणावं.” “कुणीतरी करायला लागतं म्हणावं.” “वय काय झालं ह्याचं, ते विचार.” ती काहीच विचारत नव्हती, काहीच सांगत नव्हती, नुसती मध्ये बसली होती, आणि निरोप तिच्या नाकासमोरून इकडून तिकडं जात होते. समोरच्या बाकावर गुडघ्याला पट्टा बांधलेली एक जाडजूड बेन केव्हाची बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. पुढं वाकून, आजाऱ्याच्या घरी बोलावं तशा आवाजात तिनं विचारलं, “बेउने संभळातुं नथी?” दोघांनाही ऐकू येत नाही का? “एकबीजानुं नथी संभळातुं,” कौशल्या म्हणाली, एकमेकांचं येत नाही, आणि तिला पुन्हा ते हसू आलं, ज्याच्या मागून पाणी येतं. ते येण्याआधी तिचं नाव पुकारलं गेलं. मदतनीस बाई म्हणाली, पेशंटनं एकटं यायचं. दोघंही अर्धे उठले होते, ते अर्धेच बसले.

मयंकभाईंनी तिला हात पुढं पसरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पानासारखा फडफडला. खिडकी बंद होती, पंखाही बंद होता. मग नाडी. मग छातीला चिमटे लावून आलेखाची लांब पट्टी. ते पट्टी बघत राहिले, आणि ते जितका वेळ बघत राहिले तितका वेळ तिच्या छातीत ती वस्तू मुद्दाम चुका करत राहिली, इन्स्पेक्टर वर्गात आले की मुलं करतात तशी. “बेन, ठोके मधेमधे आगाऊ पडतायत,” ते म्हणाले. तिच्याशी ते गुजरातीत वाक्य सुरू करून मराठीत संपवत. “अजून ताल सुटला नाही, पण असंच चाललं तर सुटणार. मग रक्ताची गुठळी, लकवा, ते सगळं. हाडंही पोकळ होतात. हसण्यासारखं नथी.” ती हसत नव्हती, तोंड तसं झालं असेल. ते पुढं बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांचे डोळे चमकायला लागले. अकरा वर्षं झोपलेली ग्रंथी अचानक जागी होऊन भरमसाट काम करायला लागली, असं क्वचित होतं. फार क्वचित. स्कॅन करावा लागेल, अँटिबॉडी बघाव्या लागतील, अहमदाबादला त्यांचे एक सर आहेत, त्यांना केस पाठवतील. ते कागदावर बाण काढत होते, एकातून दुसरा. कौशल्याला त्या बाणांची फार लाज वाटली. असा एक मुलगा दर वर्षी वर्गात असतो, हुशार, साधी बेरीज दिली तरी त्रिकोणमितीनं सोडवणारा; आणि त्याला थांबवायचं जिवावर येतं. “डॉक्टर,” ती म्हणाली, “सरवाळो छे. नुसती बेरीज आहे.” आणि तिनं सांगितलं. पाचची शंभर, सव्वासहाची शंभर. दसऱ्यापासून.

पेन खाली ठेवलं गेलं. मयंकभाईंनी बाणांचा कागद हळूच उलटा केला. “तर मग एकाला ना पाडा,” ते म्हणाले. नाही म्हणा एकाला. “कुणाला?” तिनं विचारलं. त्यांनी उलटा केलेला कागद पुन्हा सरळ केला. त्यांचेही आई-वडील एकाच घरात होते. ह्याच क्षणाची वाट बघितल्यासारखी ती घाईघाईनं बोलायला लागली, शब्दांवर शब्द चढत होते. तिनं सकाळपासून, भेंडी चिरताना, सगळं बसवलं होतं. “तुम्ही पन्नास लिहा. मला शंभर लागते ना? दोघांना सांगा, डोस कमी करून पन्नास केला. हे पाचला पन्नास देतील, तो सव्वासहाला पन्नास देईल. बरोबर शंभर. कुणाला काही सांगायला नको.” मयंकभाईंनी छताकडं बघितलं. “गणित तो बराबर छे,” ते म्हणाले. “पण आधी दहा दिवस पूर्ण बंद. रक्तातलं उतरू दे. ठोक्यांसाठी एक छोटी गोळी देतो, सकाळ-संध्याकाळ.” त्यांनी पेन उचललं, पॅड ओढलं, दहा दिवसांची टीप लिहिली आणि तिच्याखाली पाच आणि शून्य काढलं. तिच्या डोळ्यांसमोर. गोल, पूर्ण, सुरेख शून्य.

त्या शून्याकडं बघताना तिला पुढची वर्षं दिसली. पाचला पन्नास. सव्वासहाला पन्नास. तपासणी, आकडा छान, मयंकभाई खूश. आणि मग एखाद्या सकाळी हे फिरून लवकर परततील, तो स्वयंपाकघरात असेल, काहीतरी साधंच होईल, गॅस संपलेला असेल किंवा नळ गळत असेल, आणि एकजण दुसऱ्याला हाक मारेल. आणि ती धावत मध्ये जाईल, कारण दोघं बोलले की गोष्ट फुटेल, एकजण द्यायची थांबेल, आणि ती परत थंड, मुकी, शालीतली होईल. म्हणजे ती रोज पहाटे उठून कान देणार की दोघं बोलत तर नाहीत ना. ह्यांचं फिरणं लांबवणार, त्याचा चहा लवकर करणार, दोघांना एकमेकांपासून जपणार. अबोला टिकला तर तिची तब्येत टिकणार. घरातली दोन माणसं न बोलती राहावीत ह्याची सोय ती डॉक्टरच्या सहीशिक्क्यानं करून घेत होती, आणि वर हुशारी वाटत होती. तिला एकदम खूप उकडलं. छातीतली वस्तू एकदा थबकली आणि मग दारावर लाथ मारावी तशी पडली. “नको,” ती म्हणाली. “खोडा ते.” मयंकभाईंनी न विचारता खोडलं.

ती बाहेर आली तेव्हा दोघंही तसेच होते, मध्ये तिच्याएवढी जागा सोडून. तिला बसायला सांगत दोघांनीही त्या जागेवर हात ठेवला. ती बसली नाही. “मी रोज दोन घेते,” ती म्हणाली. आवाज वर्गातला निघाला. औषधं देणाऱ्या मुलीनंसुद्धा वर बघितलं. “दोन काय, आई?” “गोळ्या. पाचला ह्यांची. सव्वासहाला तुझी. दसऱ्यापासून. म्हणून हे झालंय. दुसरं काही झालेलं नाही.” आता ह्या क्षणाची तिनं आठ महिने नाना प्रकारांनी कल्पना केली होती. बहुतेक कल्पनांत ती पलंगावर पडलेली असे, डोळे मिटलेले, आणि दोघं दोन बाजूंनी तिचे हात धरून रडत. प्रत्यक्षात आबा मान वळवून अनुजकडं बघायला लागले. सरळ. आठ महिन्यांत पहिल्यांदा. “तू अजून देत होतास?” “मग कोण देणार, आबा? तुम्ही तर एकच दिवस दिली होतीत ना?” “रोज देतोय मी, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. मला वाटलं तू सोडून दिलं असशील.” “मी? मला वाटलं तुम्हाला डोससुद्धा...” “बाटली बघून आणली मी. शंभरची.” “मीपण शंभरचीच.” दोघं क्षणभर थांबले, उत्तर जुळलेल्या दोन मुलांसारखे, आणि मग, एकच दोरी ओढावी तशी, दोघांची तोंडं तिच्याकडं वळली. “अगं, पण तुला कळत नाही?” आबा म्हणाले. “गणिताची बाई ना तू?” “तेच म्हणतो मी, आबा. आठ महिने! मेली असती ही.” “हिला पहिल्यापासून असंच आहे. स्वतःचं म्हणून काही कळत नाही.” “चष्मा डोळ्यांवर असतो आणि शोधत असते.” “माझ्या मुंजीत... नाही, तुझ्या मुंजीत, अनुज, काय केलं होतं हिनं, सांगितलंय का तुला?” समोरच्या बाकावरची बेन गुडघा विसरून उभी राहिली होती. “हवे संभळाय छे!” ती सगळ्या दवाखान्याला आनंदानं म्हणाली. आता येतंय ऐकू! कौशल्या त्या बेनकडं बघून हसली, आणि ह्या वेळी पाणी आलं नाही.

घरी जेवताना दोघं तिच्यावरच बोलत होते. मीठ थेट मागितलं गेलं, थेट दिलं गेलं. ती कशी विसरते, कशी सगळ्यांना हो म्हणते, तिच्यावर कसं लक्ष ठेवायला पाहिजे. विषय एवढा मोठा निघाला की वरण गार झालं तरी संपेना. ती पोळ्या वाढत होती. ओट्याशी मृदुला हळूच म्हणाली, “आई, मला का नाही सांगितलंत?” “सांगितलं असतं तर तू तिसरी दिली असतीस,” कौशल्या म्हणाली. मृदुलाला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, मग दोन्ही चेहऱ्यावर राहिलं, आणि तिनं सासूच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

सकाळी पाचला कौशल्याला जाग आली. कुणी उशाशी नव्हतं. दहा दिवस बंद. आणि बंद केली तरी रक्तातलं लगेच उतरत नाही, मयंकभाई म्हणाले होते, आठवडे जातील. ती पडून राहिली, हात चादरीवर पाखरासारखे. पलंगाशेजारची जागा रिकामी होती. ज्या जागेवर आठ महिने पाचला एक माणूस पेला घेऊन उभा राहायचा, आणि सव्वासहाला दुसरा, तिथं फक्त फरशी. कुणीही तिला इतकं जवळून, इतका वेळ, रोज दोनदा बघितलं नव्हतं. तिला स्वतःला बजावावं लागलं की ते चुकीचं होतं, विष होतं, त्यानं हाडं पोकळ होतात. तरी ती सव्वासहापर्यंत पडून राहिली. मग बाहेरच्या खोलीतून आवाज आले. दोन. आबा फिरायला गेलेच नव्हते, आणि अनुजनं त्यांना चहा करून दिला होता. ती उठून दारात गेली. टेबलावर थायरॉइडच्या दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, ठोक्यांच्या गोळ्यांची नवी पट्टी, आणि फूटपट्टीनं आखलेला एक कागद. सोमवार ते रविवार. सकाळ, संध्याकाळ. सकाळच्या रकान्यात आबांचं तिरकं अक्षर, संध्याकाळच्यात अनुजचं. रविवारी आलटून पालटून. ओळी सरळ होत्या, बेरीज बरोबर होती. तिनं बघता बघता तपासली, सवयीनं. सात दिवस, चौदा घरं, आणि चौदा घरांत कुठंही तिचं नाव नव्हतं. “ये, ये,” आबा म्हणाले. “आता काही काळजी नाही तुला. सगळं लिहून ठेवलंय.”

ती टेबलाशी गेली. दोन्ही बाटल्या उचलल्या आणि गाऊनच्या खिशात टाकल्या. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. मग पट्टी घेतली. “माझी मी घेईन,” ती म्हणाली. “जमेल तुला?” दोघं एकदम म्हणाले, एका सुरात. आणि दोघांच्या चेहऱ्यावर खरी, निखळ काळजी होती. तिच्याविषयीच होती, हेच वाईट होतं. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तर छातीतला एक ठोका गेला कुठंतरी. ती पट्टी हातात धरून उभी राहिली. दोघं वाट बघत होते. तीही वाट बघत होती, पण त्यांची नाही. मग तो आला, जरा जोरात. तिनं अंगठ्यानं पट्टी दाबली. पहिल्यांदा फुटली नाही. दुसऱ्यांदा फुटली आणि ती शेंगदाण्याएवढीही नसलेली गोळी तिच्या थरथरत्या बोटांतून उडाली, टेबलावर टणकन वाजली आणि घरंगळत खाली गेली. दोघंही तत्काळ वाकले.

“बसा,” ती म्हणाली.

आवाज वर्गातलाच होता. आबा बसले. अनुज बसला. ती सावकाश, टेबलाला धरून, गुडघ्यांवर खाली उतरली. टेबलाखाली अंधूक होतं. चार पावलं होती, शेजारी शेजारी, शहाण्यासारखी, अंगठे आत ओढून घेतलेली. आणि गोळी त्यांच्याही पलीकडं, भिंतीशी. तिनं हात लांब केला. हात थरथरत होता, खोटं कशाला बोला. पण पोचत होता.